पेशंट ‘हट्टी’ नसतो: घरी रुग्णसेवा करताना या चुका टाळा

नर्सिंग ब्युरोकडून एखाद्या घरी नवी मुलगी ड्युटीवर लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो, “सिस्टर, पेशंट फार हट्टी आहे हो.” बावीस वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन हे काम करतेय. हा शब्द कानावर आला की मी आधी एवढंच विचारते: नको काय म्हणतायत, आणि किती वाजता? बऱ्याचदा उत्तर त्या वेळेतच असतं.

फाइलमध्ये ‘गोळी दिली’ लिहायचं, आणि गिळली का ते बघायचं नाही

मार्केटयार्डाजवळच्या एका घरी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या, घरात सगळे त्यांना ‘बा’ म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढे. फाइलमध्ये प्रत्येक गोळीपुढे बरोबरची खूण, तरी बीपी रोज वर. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी फरक नाही. एका रविवारी मी रिलीव्हर म्हणून, म्हणजे बदलीवर गेले. चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात हात गेला आणि आतून अकरा गोळ्या निघाल्या. ओल्या होऊन वाळलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. बा भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. हाक मारली तरी माझ्याकडे बघेनात.

सून म्हणाली, “अहो, बांचा चौविहार असतो.” म्हणजे जैनांचा नेम: सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. बांनी तो जन्मभर पाळलेला. आणि रात्री नऊला सिस्टर गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची. बा भांडल्या नाहीत. गोळी गालात धरायच्या, सिस्टर वळली की काढून अभ्र्यात ठेवायच्या. सिस्टरनं विचारलं नव्हतं, घरच्यांना सांगायचं सुचलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी पोटात न गेलेल्या गोळीचा डोस वाढवून ठेवला होता. पुढच्या सिस्टरनं ती समोर उभं राहून गिळायला लावली असती तर? बीपी एकदम खाली, उठताना भोवळ, आणि तोच खुबा पुन्हा जमिनीवर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी डॉक्टरांना फोन करून बांच्या दिवसाच्या वेळा सांगितल्या. डिसेंबर होता. पुण्यात तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. त्यात बा नवकारशी करायच्या, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं झाल्याशिवाय तोंडात काही नाही. जवळजवळ चौदा तास! डॉक्टरांनी गोळी संध्याकाळी साडेपाचवर आणली आणि वाढवलेला डोस काढला. आठवड्यात बीपी जागेवर आलं. गोळीची वेळ आपण आपल्या मनानं बदलायची नाही, ते डॉक्टरांचं काम. पण पेशंटचा दिवस कसा चालतो हे त्यांना कळवणं आपलंच काम आहे. बांना डायबेटीस असता आणि रात्रीचं इन्सुलिन चालू असतं, तर हेच चौदा तास जिवावर बेतले असते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पहिल्या दिवशी बीपीचं मशीन काढायच्या आधी वही काढते. कधी काय खात-पीत नाही, उपास कोणते, पूजा-नमाज किती वाजता, अंगावरचं काय काढायचं नाही, अंघोळ कुणाच्या हातून चालेल. घरच्यांना विचारते, आणि पेशंटला वेगळं विचारते, कारण दोन्ही उत्तरं सारखी येतीलच असं नाही. लाल पेनानं पहिल्या पानावर लिहिते. दहा मिनिटं लागतात. ज्यांना ही दहा मिनिटं जड वाटतात त्यांनी दुसरं काम बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकन नर्सिंगतज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या माणसाच्या १४ मूलभूत गरजा आपण नर्सिंगच्या परीक्षेसाठी पाठ करतो. त्यात श्वास, अन्न, शौच यांच्याच रांगेत ‘आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना’ आहे. पेपर संपला की ती ओळ मुली विसरतात.

आडनाव बघून ठरवणं

ही वरच्या चुकीचीच उलटी बाजू. एका हुशार मुलीनं आडनावावरून घर जैन आहे हे ओळखलं आणि न विचारता आजोबांच्या जेवणातला कांदा-लसूण बंद केला. आजोबा चार दिवस अर्धं ताट परत पाठवत होते. त्यांना कांद्याशिवाय घास उतरत नव्हता! रमजानमध्येही तेच. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, पण ती घ्यायची की नाही हे त्या माणसानं ठरवायचं. रोजा धरणार असतील तर महिना सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांकडे न्या, आणि शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायचा हे घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या. शुगर बघायला बोट टोचल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक मौलवी सांगतात. पेशंटला शंका असेल तर त्यांच्या मौलवींशी फोनवर बोलू द्या.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा एकत्र आले की शुगर चढणारच. खिचडी निम्मी करा, सोबत दही, काकडी द्या. आणि बीपीवाल्यांना “सैंधव चालतं” म्हणून सढळ हातानं घालू नका, तेही मीठच आहे.

“दुखतंय का?” “नाही.” संपलं!

आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत. जखमेत पू धरला की ठणका लागतो. पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, पायाला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. एकेक शब्द डॉक्टरांना अर्धं निदान देऊन जातो. पण कितीतरी बायका दुखतंय म्हणायलाच लाजतात, आयुष्यभर “काही नाही गं” म्हणत आलेल्या असतात. मी “ठणकतंय की कळ येतेय?” असं विचारते आणि हात कुठे जातो ते बघते.

साताऱ्याकडच्या एक काकू, डायबेटीस जुना. सकाळपासून “कसंतरी होतंय” म्हणत होत्या. छातीत दुखत नाही म्हणून नव्या मुलीनं गॅस समजून ओवा दिला. मी पोचले तेव्हा कपाळ घामानं गार होतं. तो हार्ट अटॅक होता. डायबेटीसमध्ये आणि म्हातारपणी तो छातीत न दुखताही येतो. वेळेत नेलं म्हणून वाचल्या. “कसंतरी”, “जीव घाबरा होतो” हे शब्द आले की आधी नाडी, बीपी, शुगर बघा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

बाकीच्या चुका एकेका ओळीत. मनगटाचा धागा, जानवं, कडं, पारशी माणसाची कुस्ती (कमरेला बांधायचा पवित्र धागा) न विचारता काढू किंवा कापू नका. बोटं सुजायला लागली की अंगठी, बांगड्या समजावून वेळेत उतरवा, नाहीतर नंतर कापाव्या लागतात. निवृत्त मुख्याध्यापिकेला पहिल्याच दिवशी “आजी” म्हणू नका, “बाई” म्हणा. स्पंजिंग करताना जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर हवी.

आणि डायपर. चालू शकणाऱ्या माणसाला रात्रीची झोपमोड नको म्हणून डायपर लावणं, यासारखा वाईट शॉर्टकट मी पाहिला नाही. आठवड्यात माणूस उठायचं सोडतो, मग त्वचा ओली राहते, मग पाठीला जखम. कमोडची खुर्ची पलंगाला लावून ठेवा, चाकं असतील तर ब्रेक लावा, रात्रीचा दिवा चालू ठेवा, आणि झोपताना घंटी त्यांच्या चांगल्या हाताशी द्या.