मरत्या हार्ड डिस्कमधून डेटा कसा काढावा

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या दुकानात सातबारा, पीक विमा आणि झेरॉक्सच्या गर्दीत महिन्याला एखादी तरी आजारी हार्ड डिस्क येते. बहुतेक लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांची. आणि तिच्यावर कोणीतरी आधीच चेकडिस्क चालवलेली असते, कारण विंडोजनेच तसं सुचवलं. चालवू नका. चेकडिस्क फाइल सिस्टीमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदींचा, हिशेब जुळवते. त्यासाठी मरत्या डिस्कवर लिहिते आणि हिशेबात न बसणाऱ्या नोंदी छाटते. तुमचे फोटो त्याच छाटणीत जाऊ शकतात.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज काढा आणि हा लेख इथेच सोडा. ते काम प्रयोगशाळेचं.

आवाज नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा. डिस्क जमल्यास यूएसबीच्या डब्यातून काढून सरळ साटा केबलला लावा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, यादीत १९७ क्रमांकाची ओळ बघा. तिथे शून्याच्या वर आकडा म्हणजे तेवढे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीत. डिस्क माउंट करू नका, म्हणजे तिच्यातल्या फाइली दिसतील अशी जोडू नका, 'फक्त वाचण्यासाठी' सुद्धा नाही. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम तर तशा माउंटमध्येही अर्धवट राहिलेलं जर्नल (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरवते.

आता खरी अडचण. फाइल उघडली की फाइल सिस्टीमचा ड्रायव्हर सेक्टर मागतो, डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, कधी मिनिटभरही अडून बसते. लिनक्स साधारण ३० सेकंद थांबतं, मग डिस्कला रीसेट मारतं. अशा दोन-चार रीसेटनंतर डिस्क यादीतूनच गायब! म्हणून फाइल मॅनेजरमधून ओढून कॉपी करणं म्हणजे चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला आणखी रेस देणं.

काम डीडीरेस्क्यूचं, म्हणजे आजारी डिस्कची प्रत काढणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामचं. ते सोपे भाग आधी उचलतं आणि अडला भाग सोडून पुढे जातं. आज्ञेचा क्रम असा: हायफन एन, आजारी डिस्क, प्रतीची फाइल आणि शेवटी मॅपफाइल, म्हणजे कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं याची नोंद. हायफन एन म्हणजे पहिल्या फेरीत खराब जागा खरवडत बसू नको. प्रत दुसऱ्या, तेवढी जागा मोकळी असलेल्या डिस्कवर, फाइल म्हणूनच घ्या. थेट डिस्कवर लिहायला 'फोर्स' हा पर्याय लागतो, आणि फोर्स हाताशी असला की क्रम चुकून चांगला डेटाही पुसतो.

मॅपफाइल टाळू नका. मी एकदा टाळली. ५०० जीबीची डिस्क, दिवसभर चाललेली प्रत, संध्याकाळी लाईन गेली आणि इन्व्हर्टरही बसला. कुठपर्यंत वाचलं याची नोंदच नव्हती. पहिल्यापासून सुरू केलं तोवर डिस्क आणखी बिघडली होती, आदल्या दिवशी सहज वाचलेला भागही अडकू लागला. मॅपफाइल असती तर जिथे थांबलं त्याच्या आसपासहून पुढे गेलं असतं. तीही आजारी डिस्कवर किंवा लाइव्ह पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या जागेत ठेवू नका. लाईन जाताच तीही जाईल.

मग हायफन एन काढून, हायफन डी (डिस्क थेट वाच) आणि हायफन आर ३ (खराब जागी आणखी तीनदा प्रयत्न कर) लावून, त्याच मॅपफाइलवर दुसरी फेरी. मे महिन्यात डिस्क कूलरच्या वाऱ्यात ठेवा, पण पाण्याचे शिंतोडे लांब. वाचायचा वेग रेंगाळला तर घाबरू नका, कंट्रोल-सी दाबून थांबवता येतं.

आता प्रतीचीही प्रत काढा आणि चेकडिस्क चालवायचीच असेल तर तिच्यावर.

कोणता फोटो खराब झाला हे शोधायला डीडीरेस्क्यूचा फिल-मोड वापरा: दुसऱ्या प्रतीत न वाचलेल्या जागी तुमचा एखादा खुणेचा शब्द भरतो. मग ती प्रत माउंट करून तो शब्द फाइलींमध्ये शोधा. ज्यात सापडला त्या फोटोंची यादी गिऱ्हाइकाला द्या, बाकीचे पेनड्राइव्हवर. जुनी डिस्क त्याच पिशवीत परत द्या, वर 'वापरू नये' लिहून.