समुद्री स्पंजाचं रासायनिक प्रोफाइलिंग: नाशिकमध्ये काम करताना या चुका टाळा

नाशिकच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा हात वनस्पतींवर बसलेला असतो. ब्रह्मगिरीवरच्या औषधी झाडपाल्याचे आणि द्राक्षबियांचे अर्क काढून त्यांना सराव झालेला असतो. रत्नागिरी-मालवणहून आणलेल्या स्पंजाचं रासायनिक प्रोफाइलिंग, म्हणजे त्यातली संयुगं ओळखण्याचं काम, त्याच पद्धतीने केलं की घोळ सुरू होतो. स्पंज हा प्राणी आहे. 1950च्या सुमारास बर्गमन आणि फीनी यांना फ्लोरिडाजवळच्या स्पंजात जे अनोखे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) सापडले, त्यांच्या धाग्यावरून पुढे सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध घडलं. अशा संयुगांचा शोध वनस्पतीच्या साच्यातून होत नाही.

पहिलं नुकसान वाटेतच होतं. झाडाची पानं सावलीत वाळवतात तसा स्पंज वाळवू नका, आणि नुसत्या पिशवीत रात्रभर कसारा घाटापर्यंत आणू नका. पेशी फुटल्या की विकरं कामाला लागतात. भूमध्य समुद्रातल्या ॲप्लिसिना या स्पंजाच्या एका जातीत तर जखम होताच साठवलेल्या ब्रोमिनयुक्त संयुगांपासून ॲरोप्लिसिनिन तयार होतं, म्हणजे मूळ मालच बदलतो. किनाऱ्यावरच नमुना गोठवा. ते जमत नसेल तर इथेनॉलमध्ये बुडवा. ते पहिलं इथेनॉल मात्र ओतून देऊ नका, बरीचशी संयुगं त्यातच उतरलेली असतात. रासायनिक कामासाठी फॉर्मेलिन नकोच.

नमुना घेण्याआधी परवानगीचं पाहा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे. ओळख पटवण्यासाठी एक तुकडा वेगळा ठेवा. तो ब्लीचमध्ये विरघळवून उरलेल्या काटक्या, म्हणजे स्पिक्युल, सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. शंका राहिली तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जात चुकली तर पुढचा सगळा अहवाल निरुपयोगी ठरतो.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. अर्क जीसी-एमएसला (बाष्प करून रेणू वेगळे करणारं आणि त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) पाठवायचा, यंत्राच्या संगणकातल्या वर्णपट-संग्रहाने सुचवलेली नावं तक्त्यात उतरवायची, आणि त्यालाच ‘जैवसक्रिय संयुगं’ म्हणायचं. जीसी-एमएसला फक्त बाष्प होणारे रेणू दिसतात: मेदाम्लं, काही स्टेरॉल, हायड्रोकार्बन. ध्रुवीय अल्कलॉइड, पेप्टाइड, स्पंजातल्या हॅलिकॉन्ड्रिन बीसारखे 1100 हून जास्त रेणुभाराचे पॉलिइथर तिथे येतच नाहीत. त्यांच्यासाठी एलसी-एमएस हवं, म्हणजे बाष्प न करता द्रवातच रेणू वेगळे करणारं यंत्र.

तक्त्यात थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) दिसलं तर आधी प्लास्टिकवर संशय घ्या. 149 वस्तुमानाचं शिखर बहुधा प्लास्टिकच्या बाटलीतून किंवा नळीतून आलेलं असतं. 207 आणि 281 ही यंत्राच्या कॉलममधून झिरपणाऱ्या सिलोक्सेनची (सिलिकॉनयुक्त संयुगांची) खूण. ‘स्पंजातलं जंतुनाशक थॅलेट’ अशी नोंद पुढच्या विद्यार्थ्याची दिशाभूल करते, म्हणून हा मुद्दा मी कळकळीने मांडतो. स्पंज न घालता तेच द्रावक, तीच भांडी, तीच पायरी वापरून ब्लँक तयार करा आणि सोबत चालवा. जे दोन्हीकडे दिसतं ते स्पंजाचं मानू नका.

ब्रोमिनचा मागोवा मात्र सोपा आहे. वर्णपटात वस्तुमानाच्या दोन एककांच्या अंतराने जवळपास सारख्या उंचीच्या शिखरांची जोडी दिसली की रेणूत एक ब्रोमिन. 1:2:1 असा तिहेरी आकार दिसला की दोन. ही खूण नजरेतून निसटू देऊ नका.

मिथेनॉलमध्ये अर्क काढला असेल तर मिथाइल एस्टर आणि ॲसिटल बघून लगेच हुरळू नका. एक छोटा अर्क इथेनॉलमध्ये काढून बघा. मिथाइलच्या जागी इथाइल दिसलं तर तो पदार्थ तुमच्या द्रावकाने बनवलेला आहे.

मिठाकडेही लक्ष हवं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि जलीय अर्काच्या वजनात तेच भरतात. एलसी-एमएसचा सिग्नल दबत असेल तर अर्क सी-18 काडतुसातून (मीठ वाहून जाऊ देणारी आणि संयुगं धरून ठेवणारी छोटी गाळणनळी) काढा किंवा ब्युटेनॉलने वेगळा करा. हे न करता जंतुरोधक चाचणी लावली तर परिणाम संयुगाचा की मिठाचा, हे सांगता येत नाही.

फायटोकेमिकल, म्हणजे वनस्पतींच्या रसायनांसाठीच्या, चाचण्यांची यादी स्पंजाला तशीच लावू नका. फिनॉल मोजायला वापरलं जाणारं फोलिन अभिकर्मक टायरोसिन आणि प्रथिनांशीही क्रिया करतं, त्यामुळे ‘एकूण फिनॉल’चा आकडा फसवा येतो.

संयुग नवीन आहे असं वाटलं तर आधी जीएनपीएस या वर्णपटांच्या ऑनलाइन संग्रहावर वर्णपट ताडून पाहा, ते मोफत आहे. आणि काही स्पंजांत वस्तुमानाचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा सूक्ष्मजीवांचा असतो, त्यामुळे ‘स्पंजाने बनवलं’ असं लिहिण्याऐवजी ‘स्पंजातून मिळालं’ एवढंच लिहा.