रोमन प्रांतिक नाणी: चेहऱ्यावरून सम्राट ठरवण्याची घाई नको

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील शहरांनी पाडलेली नाणी जमवताना पहिली चूक ठरलेली असते. पुस्तकातल्या चित्राशी चेहरा जुळवायचा आणि सम्राटाचे नाव लिहून मोकळे व्हायचे. ठसा कोरणारा कारागीर शहरागणिक वेगळा होता, त्यामुळे चेहऱ्याचा भरवसा धरता येत नाही. नाण्यावर कोरलेला लेख वाचा.

तो लेख बहुधा ग्रीक असतो आणि इंग्रजी वाचायची सवय तिथे आड येते. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर म्हणजे ऱ्हो, उच्चार 'र'. 'सी'सारखी चंद्रकोर म्हणजे सिग्मा, उच्चार 'स'. 'कैकॅप' असे वाचलेत तो शब्द प्रत्यक्षात 'काइसार', म्हणजे सीझर.

नाव लागले तरी थांबू नका. कॅराकला (राज्य इ.स. 198–217) आणि एलागॅबलस (राज्य 218–222) या दोन्ही सम्राटांचे अधिकृत नाव मार्कस ऑरेलियस अँटोनिनस. मार्सियानोपोलिसच्या (आजच्या बल्गेरियातील) समोरासमोर दोन चेहरे असलेल्या नाण्यांवर ही गफलत फार होते. तिथे सुभेदाराचे नाव शोधा: क्विंटिलियानस असेल तर कॅराकला, ज्युलियस अँटोनियस सेल्यूकस असेल तर एलागॅबलस. समोरची स्त्रीही बघा. कॅराकलासमोर आई ज्युलिया डोम्ना असते, एलागॅबलससमोर आजी ज्युलिया मेसा. याच नाण्यांच्या मागच्या बाजूला सुटे एप्सिलॉन (अंक म्हणून 5 दाखवणारे ग्रीक अक्षर) असते. ते वर्ष नव्हे, किंमत आहे: 5 असारिया (त्या काळचे तांब्याचे लहान नाणे).

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात मात्र एप्सिलॉन म्हणजे पाचवे राज्यवर्ष. त्याआधीचे 'एल'सारखे चिन्ह 'वर्ष' असे सांगते. त्याला रोमन 50 समजू नका. इजिप्तचे वर्ष 29 ऑगस्टला सुरू होई आणि त्याच दिवशी राज्यवर्षाचा आकडाही पुढे सरके. सम्राट गॅल्बा जून 68 मध्ये गादीवर आला आणि 15 जानेवारी 69 ला मारला गेला. राज्य जेमतेम सात महिन्यांचे, तरी त्याच्या नाण्यावर बीटा, म्हणजे वर्ष 2, दिसते. ते नाणे बनावट ठरवून परत करू नका.

नाण्याच्या मधोमध बारीक खोच दिसली तर तीही नाण्याची कोरी चकती तयार करतानाची असू शकते. थ्रेस आणि मोएशिया (आजचा बल्गेरिया व आसपास) या प्रांतांच्या तांब्याच्या नाण्यांवर ती नेहमीची.

सगळ्यात मोठे नुकसान घरी होते. चिंच, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलेत की शतकांचा थर जातो आणि त्याबरोबर बारीक अक्षरेही. नुसती माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, सुटलेली माती लाकडी टूथपिकने काढा. काम आठवडे चालते.

गडद, घट्ट हिरवा थर निर्धोक असतो. फिकट हिरवी, टोकरल्यावर पिठासारखी झडणारी भुकटी दिसली तर ते नाणे त्याच क्षणी वेगळे करा. धातूतले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने चेतते आणि नाणे आतून खाते. कोकणच्या पावसाळ्यात तर झपाट्याने. भुकटी खरवडा. 1 लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 50 ग्रॅम सोडियम सेस्क्विकार्बोनेट (सोड्यासारखा एक क्षार) विरघळवून त्यात नाणे बुडवा आणि द्रावण दर आठवड्याला बदला. थराचा रंग थोडा पालटू शकतो, पण नाणे वाचते. नंतर साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पूर्ण वाळवा. मऊ पीव्हीसी पाकिटात न ठेवता पॉलिस्टरच्या पाकिटात, सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा आणि महिनाभर दर आठवड्याला भिंगाखाली तपासा.