समुद्रकाठच्या रिसॉर्टवर एकट्याने राहायचे असेल तर

कोल्हापूरकराला समुद्र फार दूर नाही. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरावा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाट धरावा; कोणत्याही वाटेने मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि कसालवरून मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनारपट्टीवर पोहोचता येते. निघण्यापूर्वी घाट सुरू असल्याची खात्री मात्र करून घ्यावी, कारण २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि पावसाळ्यात दरड कोसळण्याची शक्यता कोणत्याच घाटात नाकारता येत नाही.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्याच्या वतीने हॉटेलशी बोलायला व्यवस्थापक असतो. स्वतंत्रपणे जाणाऱ्याला ते काम स्वतःच करावे लागते, आणि त्यातले बहुतेक काम पैसे भरण्यापूर्वी फोनवरच उरकायचे असते. पहिला प्रश्न दराचा. रिसॉर्टचे दर बहुधा दोन माणसांचे धरून सांगितलेले असतात, त्यामुळे एकट्यासाठी सवलत आहे का, हे स्पष्ट विचारावे. शनिवार-रविवार सोडून गेल्यास ती मिळण्याची शक्यता बरीच वाढते. काही ठिकाणी एकट्या प्रवाशाला खोली देण्यास कुरकुर करतात, तेही आधीच कळलेले बरे. दरात जेवण किती आहे, याची सांकेतिक अक्षरे ठरलेली आहेत: ईपी म्हणजे केवळ खोली, सीपी म्हणजे खोली व नाश्ता, एमएपी म्हणजे त्यात एक जेवण आणि एपी म्हणजे दोन्ही जेवणे. सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो पाच टक्के आहे, त्यापुढे अठरा टक्के.

त्यानंतर जागेविषयी विचारावे. ‘सी व्ह्यू’, ‘सी फेसिंग’ आणि ‘बीच टच’ हे शब्द जाहिरातीत सैलपणे वापरले जातात. भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात बांधकामावर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे, निर्बंध असल्याने अनेक इमारती माडांच्या मागे असतात आणि छायाचित्र मात्र थेट वाळूवरून काढलेले असते. म्हणून ‘खोलीच्या दारातून पाणी दिसते का, आणि मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याची वाडी आहे का’ असा साधा प्रश्न विचारावा व मिळालेले उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा व दिवे, गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळी, हेही त्याच संदेशात विचारून टाकावे.

मी या पट्ट्यातील एका रिसॉर्टवर एकटी राहिले, तेव्हा संमिश्र अनुभव आला. खोलीत ओलीचा कुबट वास होता, गादीवरची चादर दमट होती आणि रात्री वीज गेल्यावर एसी बंद झाला तो सकाळपर्यंत. त्याच ठिकाणी सुरमई मात्र इतकी ताजी होती, आणि वाढणाऱ्या काकूंनी सोलकढीचा आग्रह इतक्या आपुलकीने केला, की त्या जेवणाला उणे म्हणण्याची सोय नव्हती. अशा वेळी दोन्ही गोष्टींचा हिशेब वेगळा ठेवावा. जेवण चांगले होते म्हणून खोलीची तक्रार गिळू नये, आणि खोली वाईट होती म्हणून दिवसभर तोंड पाडून बसू नये. (आपल्याकडच्या तांबड्या रश्श्याची सवय असलेल्याने मालवणी कालवणाला सपक म्हणण्यापूर्वी तिरफळाचा स्वाद एकदा शांतपणे घेऊन पाहावा.)

खोली ताब्यात घेतानाची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. सामान उघडण्यापूर्वी नळ, गीझर, एसी, दाराची आतली कडी व खिडक्यांच्या खिट्ट्या तपासाव्यात. एकट्या स्त्रीने खोली वर्दळीच्या बाजूला आहे का आणि जेवणघरापासूनच्या वाटेवर दिवा आहे का, हेही पाहावे. काही खटकल्यास त्याच क्षणी खोली बदलून मागावी. सायंकाळी पाहुणे भरल्यावर व्यवस्थापकाच्या हातात फारसे काही उरत नाही. कोल्हापूरहून पहाटे निघणारा सकाळीच पोहोचतो आणि खोली दुपारी मिळते, हा अडथळा ठरलेलाच आहे. सामान ठेवून तोंड धुण्याची सोय होईल का, हे आदल्या दिवशी विचारले तर मधला वेळ मालवणात सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यात जातो. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण नेटवर्क गेले की यूपीआय चालत नाही.

समुद्रात उतरण्याचा निर्णय रिसॉर्टच्या जाहिरातीवर सोपवू नये. भरतीच्या वेळेचा ढोबळ अंदाज किनाऱ्यावरची जुनी मंडळी तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे पाण्याला ओढ असल्याने संगमाजवळ पोहणे टाळावे. एकट्याने पाण्यात जाताना किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगून जावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून त्या काळात ताज्या मोठ्या मासळीची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

बिल निघण्याच्या आदल्या रात्रीच मागावे. त्यात सेवाशुल्क आपोआप लावलेले असेल तर ते काढायला सांगता येते; ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते सक्तीने आकारता येत नाही. ठरलेली सोय मिळाली नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश दाखवून, आवाज न चढवता, भाड्यात कपात मागावी. माझ्या मते तक्रारीची खरी जागा हीच आहे आणि बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. न मिटल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. पुढे जायचेच झाले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे सिंधुदुर्गाच्या फेऱ्या न मारता कोल्हापुरातच अर्ज देता येतो. मुदत दोन वर्षांची असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सोबत बिल, पैसे भरल्याची पावती आणि ते व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडावेत.