पावसाळ्याची ड्युटी लावताना
मे संपायच्या आत मी टीममधल्या प्रत्येकाला विचारते, कुठून येता, कुठल्या लाइनने? कर्जत-कसाऱ्याची माणसं एका रंगात, विरारची दुसऱ्या. मग मुंबई महापालिकेची समुद्राच्या मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी समोर ठेवायची. ४.५ मीटरच्या वर भरती आणि त्यात मुसळधार पाऊस, की पाणी समुद्रात जात नाही. हिंदमाता, कुर्ला तुंबतं. त्या दिवशी लांबच्यांना घरून काम द्या, आणि आदल्या संध्याकाळीच सांगा, प्लॅटफॉर्मवर उभे असताना नव्हे. जवळ राहणाऱ्यांवरच दरवेळी भार नको, बदली सुट्टी लिहून द्या.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री मी कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत चालत गेले. आता पाणी चढायला लागलं की दुपारीच माणसं घरी पाठवते, वरच्या परवानगीसाठी थांबत नाही.