पाऊस बदललाय, खताची तारीख मात्र तीच: सीमाभागातल्या शेतकऱ्यांनी या चुका टाळा

आपल्याकडं खताचं वेळापत्रक अजून नक्षत्रावरच चालतं. मृगात पेरणी, भांगलण (खुरपणी) उरकली की तरण्या (पुनर्वसूच्या) पावसात युरियाचा पहिला हात म्हणजे हप्ता, म्हाताऱ्या (पुष्याच्या) पावसापर्यंत दुसरा, असं आजोबांपासून चालत आलंय आणि तेव्हा ते बरोबरही होतं कारण पाऊस त्याच हिशेबानं पडायचा. आता बघा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेचा काठ पाण्याखाली गेला, २०२१ ला जुलैमध्येच परत तेच, २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, २०२४ ला जुलैअखेर पुन्हा नद्या पात्राबाहेर, आणि २०२५ ला मान्सून २४ मे लाच केरळात पोचला आणि आपल्याकडंही मे मध्येच एवढा पाऊस झाला की धूळवाफ पेरणीला (पावसाआधी कोरड्यात करतात त्या) रान तयार करायला घातच, म्हणजे योग्य वेळच, आली नाही. एवढं सगळं बदललं तरी पोती तेवढीच आणि त्याच क्रमानं पडतात.

माझं म्हणणं एवढंच की खत कधी आणि किती हे सध्या दुकानाच्या काउंटरवर ठरतंय, ते शिवारात उभं राहून ठरलं पाहिजे. खाली ज्या चुका लिहितोय त्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीपासून अथणी-कागवाडपर्यंत सगळीकडं दिसतात, आणि झालीच चूक तर पुढं काय करायचं तेही लिहिलंय.

पिवळं दिसलं की युरिया

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला पूर आला की येळ्ळूर, वडगाव, शहापूरकडचं भात दिवसच्या दिवस पाण्यात राहतं, पाणी ओसरलं की पीक पिवळं आणि दुसऱ्या दिवशी कृषी पत्तीनपुढं (शेती सोसायटीपुढं) युरियाची रांग. पिवळं पडलंय हे खरं, पण ते नत्र कमी पडल्यामुळंच असेल असं नाही, बऱ्याचदा मुळांना हवाच मिळालेली नसते, आणि मूळ खात नसेल तर वरून कितीही टाकलं तरी ते पिकाच्या पोटात जात नाही.

म्हणून आधी चार ठिकाणी चार चूड (भाताचे बुंधे) उपटून पाण्यात धुवा आणि मुळं बघा. पांढरी, टोकाला नवीन फुटवा आलेली मुळं असतील तर पीक सावरतंय. तपकिरी-काळी, बोटात धरल्यावर साल सुटून येणारी आणि कुजका वास येणारी असतील तर त्या दिवशी खत अजिबात नको, आधी पाणी काढा, बांध फोडून चर मारा, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी जाऊन मातीत हवा खेळू द्या. तोपर्यंत पिकाला आधार द्यायचाच असेल तर पानातून द्या, १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया म्हणजे २ टक्क्याची फवारणी, सकाळी किंवा संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून. एक पोतं युरिया चिखलात फेकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं.

चिखलात युरिया फेकला की नेमकं काय होतं तेही समजून घ्या. थोडा पाण्याबरोबर नाल्यात जातो, थोडा नायट्रेट होऊन खाली झिरपतो, आणि पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून टाकतात. त्यातलाच एक नायट्रस ऑक्साइड, शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २७० पट हवा तापवतो. म्हणजे आपण पैसे मोजून आणलेलं खत पिकाला न मिळता हवामान बिघडवायलाच जातंय, आणि बिघडलेल्या हवामानाचा फटका परत आपल्यालाच बसतोय. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हे टाळता येण्यासारखं आहे.

पिवळेपणा ओळखायची एक सोपी रीत आहे. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह, आपल्या काळ्या रानातल्या उसात आणि सोयाबीनमध्ये हे भरपूर दिसतं आणि त्याला युरिया टाकून काही होत नाही. नवं पान शिरांसकट सगळंच फिकट असेल तर गंधकाचा संशय घ्या. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या असतील तर पालाश (पोटॅश). भाताची लावण होऊन दोन-चार आठवडे झाले आणि पानावर गंजासारखे ठिपके आले तर जस्त. शंका असेल तर पानं पिशवीत घालून रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या) नाहीतर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा.

नदीकाठच्या मळीतल्या (गाळाच्या रानातल्या) उसाचं वेगळं. पाणी उतरल्यावर पाच-सहा उसांचे शेंडे कोयत्यानं उभे चिरून बघा, आतला कोंब पांढरा आणि कडक असेल तर ऊस जिवंत आहे, वाफसा आल्यावर नत्राबरोबर पालाशचा हप्ता द्या, तो उपयोगी पडतो. कोंब तपकिरी पडून वास मारत असेल तर तो ऊस वाढणार नाही, त्यावर खताचा खर्च करू नका, आधी पंचनामा करून घ्या आणि तो ऊस लवकर तुटेल कसा ते बघा.

आभाळ न बघता युरियाचा हात मारणं

युरिया टाकल्यावर हलकी सर आली तर चांगलंच, तो मातीत मुरतो. पण तासाभरात धो धो आला तर गेला, आणि उलट आठ दिवस ऊन पडलं आणि युरिया वरच राहिला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, अथणी, रायबागकडच्या काळ्या चुनखडीच्या रानात तर हे जास्तच होतं. म्हणून टाकायच्या आधी पुढच्या तीन-चार दिवसांचा अंदाज बघायची सवय लावा. हवामान खात्याचा शेतीसाठीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर बघता येतो. फक्त जिल्ह्याच्या अंदाजावर जाऊ नका, कारण एकाच जिल्ह्यात कणकुंबी पण आहे आणि अथणी पण आहे, दोन्हीकडच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवलेत, केएसएनडीएमसीच्या (राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या) वरुणमित्र हेल्पलाइनवर गाव सांगून विचारता येतं, बोलणं कन्नडमध्ये असतं पण आपल्याकडं घरात एक तरी कन्नड बोलणारा असतोच.

भातात युरिया टाकायच्या आधी पाणी काढून पातळ ठेवा, टाकल्यावर बांधाची तोंडं बंद करा, एक-दोन दिवसांनी पाणी सोडा. पाणी काढणं शक्यच नसेल तर एक भाग युरिया पाच ते दहा भाग ओल्या मातीत कालवून एक-दोन दिवस झाकून ठेवा आणि मग टाका, जुनी पद्धत आहे, नत्र कमी वाया जातं. आणि एका दमात सगळं नको. दोनाच्या जागी तीन हप्ते केले की एखादा हप्ता पावसानं नेला तरी बाकीचे हातात राहतात. बासमतीवाल्यांनी तर हे जपाच, उंच वाढणारं वाण आहे, नत्र जास्त झालं की परतीच्या पावसात आडवं होतं आणि करपा, तुडतुडे वेगळेच.

राहिलेला हप्ता डबल करणं

२०२३ सारखी पावसाची ओढ पडली की खत घरात पडून राहतं आणि मग पहिला बरा पाऊस आला की मागचा-पुढचा हिशेब एकदम चुकता करायची घाई होते. असं करू नका. पीक त्या वयातून पुढं गेलेलं असतं, भात पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या बेतात) आल्यावर भरमसाट युरिया दिला तर दाणा भरण्यापेक्षा पाला आणि रोगच वाढतो. कोरड्या रानात खत टाकणं पण नको, मुळांना उलट चटका बसतो. ओढीच्या काळात १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ची १ टक्का फवारणी, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, एवढ्यावर पीक तग धरतं, आणि पाऊस आल्यावर त्या वयाला जेवढं लागतं तेवढंच द्या.

डीएपी नाही म्हणून पेरणी अडवून धरणं

दरवर्षी जूनमध्ये हीच ओरड. टंचाई खरी असते, रांगा खऱ्या असतात, अंगठा लावायला म्हातारी माणसं सकाळपासून उभी असतात, ते बघवत नाही. पण डीएपी म्हणजे काही पेरणीची अट नाही. ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फेट), एवढंच आहे त्यात. तेच तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि साधारण २० किलो युरियातून मिळतं, वर सुपरमधून १६ किलोच्या आसपास गंधक मिळतो जो डीएपीत नाहीच. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या सोयाबीनवाल्यांना तर हे जास्त फायद्याचं, तेलबियांना गंधक लागतोच. ओढायला तीन पोती पडतात हे मान्य, पण पेरणीची घात गेली तर ती परत येत नाही.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर, त्याला वरून युरिया मारायची सवय सोडा. महिन्याभराचं झाड उपटून मुळावरच्या गाठी नखानं फोडा, आत गुलाबी-लालसर असेल तर झाड स्वतःचं नत्र स्वतः करतंय. आत पांढरट-हिरवट असेल किंवा गाठीच नसतील तर पुढच्या हंगामात बियाण्याला रायझोबियम लावायचं लक्षात ठेवा.

सांगली-कोल्हापूरकडच्या व्हिडिओवरून डोस ठरवणं

आपण मराठी वाचतो, मराठी बघतो, त्यामुळं मोबाईलवर सांगली-कोल्हापूरकडचे एकरी शंभर टनाचे व्हिडिओच येतात. त्यात चांगली माणसं आहेत, चांगलं सांगतात, पण ते त्यांच्या काळ्या, पाण्याच्या रानासाठी सांगतात. खानापूर, जांबोटीकडची तांबडी जमीन आम्लधर्मी आणि पाऊस भरपूर, तिथं एकदम टाकलेलं नत्र आणि पालाश धुऊन खाली जातं आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. तिथं डोस वाढवून उपयोग नाही, हप्ते वाढवा, स्फुरद शेणखतात मिसळून ओळीत द्या, आणि माती परीक्षणात सामू (पीएच) कमी आला असेल तर सांगतील तेवढा चुना घाला. आणि हाच चुना अथणीच्या चुनखडीच्या रानात कुणी घालू नका.

उसाचं पाचट जाळणं पण याच चुकांत धरा, त्यातलं नत्र आणि गंधक धुरात जातं आणि रानातला कर्ब वाढायचा राहतो. सरीत कुट्टी करून थोडा युरिया, सुपर आणि कंपोस्ट जिवाणू टाकले की खोडव्यात ओल पण टिकते. जस्त सल्फेट डीएपीत मिसळून टाकू नका, दोन्ही एकमेकांत अडकतात, शेणखतातून वेगळं द्या.

माती परीक्षण करून कार्ड कपाटात ठेवणं

कार्ड कन्नडमध्ये येतं म्हणून किती जणांनी ते उघडलंच नाही. आकडे तर तेच असतात, शब्द दहा-बारा आहेत: सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, पोट्याश तर कळतंच, सतु म्हणजे जस्त, कब्बिण म्हणजे लोह, सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर आधी शेणखत, ताग, धैंचा याचा विचार करा, कारण कर्ब नसलेलं रान ना पाणी धरतं ना खत. आणि पुरात गाळ साचला किंवा वरची माती वाहून गेली असेल तर त्याच्या आधीचं कार्ड आता तुमच्या रानाचं राहिलं नाही, नवीन नमुना द्या. नमुना पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी घ्या, बांधाजवळचा, उकिरड्याजवळचा, झाडाखालचा नको, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्या, सगळी मिसळून त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा आणि पिशवीवर सर्व्हे नंबर आणि पुढं घेणार असलेलं पीक लिहा, कारण शिफारस त्या पिकाप्रमाणंच येते.