मेळघाटात रानपिंगळा पाहायचाय?

1884 नंतर तब्बल 113 वर्षं बेपत्ता असलेला रानपिंगळा (जंगलातलं लहानसं घुबड) 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आज तो पाहायला मेळघाटासारखी जागा नाही. बडनेऱ्याला उतरून परतवाडामार्गे सेमाडोह गाठा. पेट्रोल, रोख पैसे परतवाड्यातच घ्या. पुढे रेंजचा भरवसा नाही.

हा पिंगळा दिवसा हिंडतो, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन शोधू नका. जानेवारी-फेब्रुवारीत साग विरळ होतो. सकाळी उन्हात निष्पर्ण फांद्या बघा. बहुतेक जण ओळखण्यात फसतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं तपकिरी. पोट खाली पांढरंशुभ्र, पाय पिसांनी जाडजूड. शेपटी सारखी झटकतो.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नकाच. हा विणीचा काळ. दुसरा पिंगळा आला असं समजून हद्द राखायला धावताना त्याचं शिकार आणि पिल्लं दोन्हींकडे दुर्लक्ष होतं.